जैनबीचा कागद

जैनबीची मान हलत नसे. होय म्हणायचं असो, नाही म्हणायचं असो, कुणी मागून हाक मारलेली असो, ती मान न वळवता सगळीच्या सगळी वळायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन वीस वर्षं हिंगोलीच्या गल्ल्यांतून फिरलेल्या बाईला दुसरी सवय लागणार तरी कशी? पण गंमत अशी, की टोपली खाली ठेवल्यावरही तेच. आमच्या ओट्यावर चहा पिताना माझ्या सासूबाईंनी डावीकडून काही विचारलं, की ही कपबशीसकट, पायांसकट डावीकडे वळायची आणि मग उत्तर द्यायची. मी नवी सून होते, मला हसू आवरायचं नाही. "हस वैनी, हस," ती म्हणायची. "हसलीस की हात ढिला पडतो. मला तेवढंच पायजे."

मनियारीण म्हणजे घरोघर जाऊन बांगड्या भरणारी मुसलमान बाई. आता तो शब्दही फारसा ऐकू येत नाही. मी वाशीमची, म्हणजे वऱ्हाडातली, इंग्रजी मुलखातली. लग्न होऊन निजामाच्या राज्यात आले तेव्हा जगात महायुद्ध चालू होतं आणि आमच्या घरात त्याचा अर्थ रॉकेल जपून वापरा एवढाच होता. घरात माणसं तीन. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. हे, म्हणजे माझे यजमान, कचेरीत उर्दू कागद लिहिण्याच्या कामावर होते. आणि तिसरी मी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर कारण लागायचं. बाहेरचं जग आपणहून घरात यायचं ते जैनबीच्या टोपलीबरोबर.

तेव्हा ती पस्तिशीची असेल. तिच्या नवऱ्याने हैदराबादेत दुसरं घर केलं होतं, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. ती बापाजवळ राहायची आणि नवऱ्याचा विषय कुणी काढला तर "तो तिकडं बरा हाय" एवढं बोलून पुढच्या घरी जायची. सगळ्या गावाच्या हातांत सारखे चुडे भरणाऱ्या ह्या बाईच्या स्वतःच्या हातात मात्र एक बांगडी दुसरीसारखी नसे. विकताना जोड जाऊन एकटी उरलेली बांगडी ती आपल्या हातात घालायची. एक लाल, एक जांभळी, मधेच एखादी सोनेरी ठिपक्यांची. आत्याबाईंना ते बघवायचं नाही.

"अगं, एकदा तरी नीट चुडा भर की स्वतःला!"

"मायबाई, ह्या एकट्या पडलेल्या हायत. त्यायला कोन घेनार? मीच घेते."

माझा हात पहिल्यांदा तिच्या हातात गेला तेव्हा मी घाबरून मूठ आवळली होती. तिने माझा अंगठा आत दुमडला, तळव्याची गादी चेपली आणि विचारलं, "वैनी, तुझ्या माहेरच्या गाईचं नाव काय?" मी 'कपिला' म्हणेपर्यंत बांगडी मनगटात. "कपिलेला वासरू झालं का?" दुसरी बांगडी. तिसऱ्या बांगडीला मला रडू फुटलं, कारण मी निघाले तेव्हा कपिला गाभण होती आणि पुढचं सासरी बसून मला कळणार कसं? जैनबीने हात थांबवला नाही. "मी इचारून येते," म्हणाली, जसं काही वाशीम पलीकडच्या गल्लीत होतं. पण पुढच्या खेपेला खरंच टोपली उतरवायच्या आधी म्हणाली, "कालवड झाली. कपाळावर पांढरा टिळा हाय." बाजारात वाशीमकडचा कुणी गाडीवान तिला भेटला होता म्हणे. टिळा खरा होता की जैनबीने पदरचा लावला होता, ते मी नंतर माहेरी गेल्यावर पाहिलं. टिळा होता.

बांगड्या भरून झाल्या की मनियारणीला वाकून नमस्कार करायचा, अशी आमच्याकडे पद्धत. आत्याबाई सोवळ्याच्या कडक. जैनबीची कपबशी ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली; तिच्या कपात वरून चहा ओतायचा, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. आणि त्याच आत्याबाई चुडा भरला की जैनबीच्या पायाशी वाकायच्या. मला ह्याचा अर्थ लागत नसे. जैनबीला लागत असावा, किंवा तिने तो लावायचं सोडून दिलं असावं. ती त्या कपातला चहा फुरके मारत प्यायची आणि तोंड भरून आशीर्वाद द्यायची.

घाबरणं तिला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला कापसाच्या जिनिंगमधला एक मुकादम राहायचा. रागाला आला की बायकोचा हात पिरगाळायचा, आणि बिचारीच्या बांगड्या जायच्या. एकदा जैनबी त्यांच्या दारात बसली होती आणि मुकादम समोरच खाटेवर. ती अगदी अदबीने म्हणाली, "मुकादमसाब, जरा हात द्या. बांगडीचं माप बघते." त्याला वाटलं थट्टा चालली आहे. त्याने हसत हात पुढे केला. जैनबीने त्याचा अंगठा दुमडला, सांधा चेपला आणि बायकोच्या मापाची बांगडी रेटली. मुकादम असा ओरडला की आम्ही सगळ्या दारांत आलो. "लई दुखलं का?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी फोडता, मी भरते, दुखतं तिला. म्हणून दाखवलं." आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. पण त्या दिवशी जैनबीने 'फोडता' हाच शब्द वापरला आणि कुणाला तो खटकला नाही. मुकादम सुधारला असं मी म्हणणार नाही. पण पुढे त्याच्या बायकोच्या बांगड्या बऱ्याच टिकायला लागल्या.

तिचे वडील करीमचाचा. ते लाखेच्या बांगड्या करायचे. उन्हाळा असो, पावसाळा असो, कोळशाच्या शेगडीपुढे बसून लाख तापवायची, लांबवायची, वळवायची. आत्याबाईंच्या लग्नातला चुडा त्यांनीच भरला होता. तेव्हा आत्याबाई अकरा वर्षांच्या आणि करीमचाचा मिसरूड फुटलेले. पुढे दारोदारचं काम त्यांनी लेकीकडे दिलं आणि स्वतः शेगडी धरली. खोकला त्यांना कायमचाच. लाखेच्या धुराने येतो, असं सगळे म्हणत, तेही म्हणत. मग एका पावसाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं. वजन उतरलं. गावातल्या एका डॉक्टरने छातीला नळी लावली, रक्त पडल्याचं ऐकलं आणि क्षय सांगितला. तेव्हा गावात छातीच्या आतला फोटो काढायचं यंत्र नव्हतं. खोकला, रक्त आणि हाडं दिसायला लागलेलं अंग, एवढं पाहिल्यावर कुणीही क्षयच म्हटलं असतं.

क्षय म्हटल्यावर काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. करीमचाचांची बाज घरातून निघाली आणि अंगणाच्या पलीकडच्या छपराखाली गेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. अंगणाच्या मधोमध लिंबाचं झाड होतं. जैनबीने ताट लिंबाखाली ठेवून मागे फिरायचं आणि ती ओट्यावर पोचली की करीमचाचांनी येऊन ते उचलायचं. हा नेम करीमचाचांनीच घातला होता. जैनबी एखादं पाऊल पुढे आली की ते तिथून हात वर करायचे. आपल्याला झालं ते झालं, लेकीला होऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम आता त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते त्यांनी लाखेइतक्याच काटेकोरपणे केलं.

गावाने जैनबीचं काय केलं ते सांगायला मला आजही अवघड जातं. कारण त्यात आमचं घर होतं. क्षयवाल्याच्या घरची बाई, तिच्या हातात हात कोण देणार? एकेक दार बंद झालं. भांडण नाही, अपमान नाही. "आता नको ग, मागच्या अजून नव्या आहेत," असं प्रत्येक घरात तिला सांगण्यात आलं. आत्याबाईंनी थोडी मेहरबानी केली. म्हणाल्या, "बांगड्या ओट्यावर ठेव, सून आपल्या हाताने घालील." मी घालायला बसले. जैनबी खाली अंगणात उभी राहून बघत होती. पहिली बांगडी गेली, दुसरी माझ्याच अंगठ्यावर मोडली. तिसरी मोडली. काच लागून रक्त आलं. जैनबीचा हात आपोआप पुढे आला आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून मागे नेला. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले नाही. नवी सून काय बोलणार, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते काही फारसं उपयोगी पडलं नाही.

त्यानंतर ती कळमनुरीच्या, सेनगावच्या आठवडी बाजारात जाऊन बसायला लागली. तिथे तिचं घर कुणाला ठाऊक नव्हतं. आठ महिने असे गेले. करीमचाचा बरे होईनात. शेवटी हैदराबादेतल्या कुणा नातेवाइकाने लिहिलं, की इथल्या मोठ्या दवाखान्यात आतला फोटो काढतात, घेऊन ये. जैनबी बापाला घेऊन निघाली. पूर्णेला गाडी बदलायची. गाडीतसुद्धा करीमचाचा दाराजवळ बसले आणि तिला पलीकडच्या बाकावर बसवलं, हे तिनेच मला सांगितलं.

बाराव्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. टोपली नव्हती. हातात चार घड्या घातलेला कागद होता. हे कचेरीला निघत होते. ती ओट्याच्या खाली उभी राहिली आणि म्हणाली, "साब, एवढं वाचून दाखवा. मायबाईला ऐकू जाईल असं वाचा."

ह्यांनी उर्दू वाचत वाचत मराठीत सांगितलं. "मरीजाला क्षय नाही."

एवढं ऐकताच आत्याबाईंनी हात जोडले. "देवा, पावलास रे बाबा! जैनबी, सुटलीस ग!" आणि त्या साखर आणायला घरात धावल्या. मलाही इतका आनंद झाला की मी ओट्यावरून खाली उतरले. हे मात्र पुढचं मनातल्या मनात वाचत होते. मग त्यांनी हळू आवाजात वाचलं. फुप्फुसात सरतान आहे, म्हणजे कर्करोगाची गाठ. कापून काढण्याची वेळ टळून गेली आहे. हा रोग सहवासाने किंवा स्पर्शाने दुसऱ्याला होत नाही.

"ते शेवटचं परत वाचा," जैनबी म्हणाली. ह्यांनी परत वाचलं. "हां. बराबर. तेवढं लिहून द्या म्हणून डाक्टरसाबच्या मागं लागले मी. ते देईनात. म्हणले, तुझा बाप चार-सहा महिन्यांचा धनी हाय, तुला कागद काय करायचा? म्हणलं, साब, मला धंदा हाय."

आत्याबाई साखर घेऊन आल्या आणि त्यांनी ती जैनबीच्या हातावर ठेवली. हातावर ठेवली, वरून टाकली नाही. जैनबीने साखर खाल्ली. तिचा चेहरा बाजारातून भाजी आणलेल्या बाईसारखा होता.

तो कागद घेऊन ती घरोघर फिरली. वाचता येणाऱ्या घरी कागद पुढे करायची, न येणाऱ्या घरी तोंडाने सांगायची. वाक्य ठरलेलं. "खय न्हाई. गाठ हाय. दुसऱ्याला लागत न्हाई." पहिलं आणि तिसरं वाक्य बायकांच्या कानात शिरायचं, मधलं बाहेरच राहायचं. "बरं झालं बाई!" "चांगली बातमी आणलीस!" "मग ये उद्या, पोरींचे हात रिकामे आहेत." अशी दारं उघडत गेली. बाप मरणार असल्याचा कागद दाखवून तिला तिचा धंदा परत मिळाला, आणि सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. मला लाज वाटली. पण मीही ओट्यावरून उतरले होतेच.

पुढच्याच आठवड्यात ती बांगड्या भरायला आली. तीच टोपली, तोच हात. पण मला दुखलं. कधी नव्हे ते माझे डोळे पाण्याने भरले. आधी कळेना, की आज एवढं का दुखतंय. मग लक्षात आलं, की ती बोलत नव्हती. काही विचारत नव्हती. एकामागून एक बांगडी चढवत होती आणि भिंतीकडे बघत होती. दोन्ही हात भरून झाल्यावर म्हणाली, "झालं का?" जसं काही मीच तिला बांगड्या भरत होते.

सगळीकडे तेच. बायका म्हणायला लागल्या, जैनबीला आजकाल काय झालंय, तोंड शिवल्यासारखी बसते. असं त्या एकमेकींना विचारायच्या, जैनबीला नाही.

एकदा आत्याबाई नरसीला देवदर्शनाला गेल्या होत्या. घरात मी एकटी. जैनबी ओट्यावर टेकली. मी चहा दिला आणि तिच्याजवळ बसले. मग ती आपणहून बोलली.

"वैनी, मला कायच होऊन न्हाई राहिलं."

"म्हणजे?"

"भूक लागते. झोप बी लागते. डाक्टरनं सांगितलं तवा म्हणलं, आता रडू येईल. आलं न्हाई. गाडीत म्हणलं, आता येईल. न्हाई. लोक म्हणतात बाप चालला की काळीज फाटतं. माझं जागच्या जागी हाय. मी लई वाईट हाय का?"

मी एकोणीस-वीस वर्षांची. मी म्हटलं, "करीमचाचांना सांगितलंस?"

ती सगळी माझ्याकडे वळली. "काय सांगू? खय न्हाई म्हणलं तं इचारतील, मंग काय हाय? ते सांगू? कळमनुरीचा एक जण खयातून उठला म्हणं, दोन साल दूध-अंडी खाऊन. अब्बा रोज त्याचंच बोलून राहिलेत. अंडं खाऊन राहिलेत, दूध पिऊन राहिलेत. शेगडी कवा पेटवू म्हणतात. खय हाय म्हणून तं जगून राहिलेत ते."

"पण मग तुला जवळ जाता येत नाही."

"न्हाई येत. लिंबापातुर जाते. अब्बा हात वर करतात, मी परत फिरते." तिने कप खाली ठेवला. "साऱ्या गावाचे हात धरून राहिले मी, वैनी. अब्बाचा तेवढा न्हाई. एकदा म्हणलं, निजले असतील तवा जावं. गेले बी. लिंबाजवळ पाय थांबला. आठ महिन्यांची सवय. मला आता लागणार न्हाई हे ठाव हाय, पायाला ठाव न्हाई."

हे सांगताना तिचा आवाज इतका सपाट होता, की ऐकताना मीच हुंदके द्यायला लागले. ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. मला वाटतं, तिला माझा हेवा वाटत होता.

ह्या सगळ्यात गावाची एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे, कारण वाईट ती सांगितली. कागदावरचं मधलं वाक्य हळूहळू सगळ्यांना कळलं. करीमचाचांना ते माहीत नाही, हेही कळलं. पण एकानेही त्यांच्या कानावर जाऊ दिलं नाही. कुंपणाबाहेरून लोक हाक मारायचे, "काय चाचा, अंडी खाता ना? बरे व्हाल!" एरवी आमच्या गल्लीत सकाळी दूध नासलं तर दुपारी पलीकडच्या आळीत कळायचं. पण हे पोटात राहिलं. जैनबीला ते कळत होतं की नाही, तिच्याकडे पाहून सांगता येत नसे.

मला दिवस गेले होते. सातवा लागला आणि माहेरी जायचं ठरलं. पहिलं बाळंतपण, वाशीमलाच व्हायचं. जायच्या आधी हिरवा चुडा भरायचा होता. आत्याबाई दोन दिवस काहीतरी विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "जैनबीला इकडं बोलवत नाही मी. तूच जा तिच्या घरी. माझा चुडा करीमनं भरला, माझ्या सुनेचा त्याच्या डोळ्यांदेखत भरला जाऊ दे. हे तूप ने त्याला. आणि हे बघ, नमस्कार त्यालाही कर. लांबूनच कर, पण कर." त्या आठ महिन्यांची भरपाई त्यांना कशी करावी ते समजत नव्हतं, म्हणून त्यांनी घरातली सगळ्यांत मोलाची गोष्ट पाठवली. ती म्हणजे मी, सात महिन्यांची पोटुशी. ह्यातून काय होईल हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

मी बाळ घेऊन हिंगोलीला परत आले तोवर करीमचाचा गेले होते आणि जैनबी कुणा चुलत भावाकडे निघून गेली होती. कुठे, ते नक्की कुणाला सांगता आलं नाही. तिची-माझी शेवटची भेट त्या चुड्याच्या दिवशीचीच.

सकाळचं कोवळं ऊन होतं. जैनबी मला दारात बघून गडबडली. "घरात बस वैनी, घरात," म्हणाली. पण घरात अंधार, आणि मला पायऱ्या चढून दम लागलेला. मी ओट्यावरच बसले. अंगणाच्या पलीकडे छपराखाली करीमचाचा बाजेवर टेकून बसले होते. किती लहान झाले होते! मी लांबूनच वाकून नमस्कार केला. त्यांनी हात वर केला. जैनबी माझ्यापुढे बसली, माझा हात हातात घेतला आणि न बोलता हिरव्या बांगड्या चढवायला लागली. डावा हात झाला.

"कितवा म्हैना, लेकी?" पलीकडून करीमचाचांनी विचारलं. आवाज बसलेला होता, पण स्पष्ट.

"सातवा," मी म्हटलं.

"सासूनं धाडलं?"

"होय. तूप दिलंय तुमच्यासाठी."

जैनबीने माझा उजवा हात घेतला. पहिली बांगडी अंगठ्याच्या सांध्यापर्यंत आली होती.

"तिला मी चाळीस सालांपासून वळखतो," करीमचाचा सावकाश म्हणाले. आमच्याशी नव्हे, लिंबाच्या झाडाशी बोलावं तसे. "भांड्याला भांडं लागू देत न्हाई ती बाई. पोटुशी सून खयवाल्याच्या अंगणात धाडते? अन् माझी लेक तिचा हात धरते?"

जैनबीची बोटं माझ्या हातावर होती तिथेच थांबली.

मग ते तिच्याशी बोलले, घरात बोलत त्या बोलीत. "जैनब. दिक नहीं है मेरे कू."

दिक म्हणजे क्षय. त्यांनी हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मला वाटलं, आता पुढचं विचारतील. मग काय आहे, हे विचारतील आणि ह्या बाईला सांगावं लागेल, माझ्यासमोर, माझ्यामुळे.

"इधर आ के बैठ," करीमचाचा म्हणाले.

"अब्बा..."

"मैं कुछ पूछा क्या? बैठ."

तिने अर्धी चढलेली बांगडी उतरवून माझा हात माझ्या मांडीवर ठेवला. उठली. लिंबापर्यंत गेली आणि थांबली. करीमचाचांनी आज हात वर केला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी आपले पाय उचलून बाजूला घेतले आणि बाजेवर तिच्यापुरती जागा केली. ती पुढे गेली आणि त्या जागेवर बसली, पाहुणी बसते तशी, अंग चोरून.

इतके महिने लिंबापासून ती रोज विचारायची, कसं आहे, आणि ते रोज सांगायचे, बरं आहे. आता तिने विचारलं, "दुखता क्या, अब्बा?"

"हौ," करीमचाचा म्हणाले. "भोत दुखता."

त्यांनी तिचा हात धरला आणि आपल्या छातीवर नेऊन ठेवला, जिथे दुखत होतं तिथे. मला जैनबीचा चेहरा दिसत होता. त्यावर काहीच हललं नाही. ती हाताकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती कपाळ त्यांच्या छातीवर टेकून अशा आवाजात रडायला लागली, की कुंपणावरचे पारवे उडाले.

मी उठले. एक हात हिरव्या बांगड्यांनी भरलेला, एक रिकामा. तशी कुणी पोटुशी घरी जात नाही. पण मी तिला हाक मारली नाही. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा करीमचाचा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मधेच खोकत, दम घेत तिला म्हणत होते, "हूँ ना मैं. अभी हूँ."